हिराचा शब्द आणि गुप्ते बाईंची हजेरी

मुख्याध्यापक सर, रोह्याहून आलेले बाईंचे भाऊ आणि वहिनी, शाळेतले सगळे, आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलांनो,

बाईंच्या या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय खरं. या हॉलमध्ये गुप्ते बाईंच्या आधी कुणी तोंड उघडलेलं मी पाहिलेलं नाही. मघापासून वाटतंय, बाई दारातून आत येतील, पर्स टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, "गप्पा नंतर. आधी हजेरी."

मग हजेरीचंच सांगते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बाई दहावीला इंग्रजी शिकवायच्या. मी याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले आणि आता इथेच शिकवते. जून उजाडला की बाई प्रत्येकाला एक शब्द द्यायच्या. चांगला जड, डिक्शनरीतला. म्हणायच्या, "पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो. घरी नेलेला शब्द जन्मभर राहतो." तो शब्द घरी न्यायचा. तो जिला शोभेल अशी वस्तू घरात शोधायची. दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या बोलीत वर्गाला समजावून सांगायचा. मग तो शब्द तुमचा. बाकीच्यांनी तो तुमच्याकडून शिकायचा. आणि हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही. उभं राहून आपला शब्द म्हणायचा, बाई म्हणणार 'बस', की बसायचं. रोज सगळ्यांचे शब्द कानावर पडायचे. वर्ष संपता संपता सगळा वर्ग सगळ्यांच्या शब्दांनी श्रीमंत झालेला असायचा.

मी जोह्याची. आमचा गणपतीचा कारखाना. मला मिळाला 'मॅलिएबल'. मी शाडूचा गोळा आणला आणि म्हटलं, "बाई, दाबाल तसा होतो, तो मॅलिएबल." कासूचा एक मुलगा रोज उशिरा यायचा, त्याला बाईंनी 'पंक्च्युअल' दिला. हसताय ना? आम्हीही हसलो होतो. पुढे तो सगळ्यांच्या आधी यायला लागला. बाईंनी शब्द दिला की तो माणसाला धरतो, असं आम्ही मुलं म्हणायचो. तेव्हा ते गमतीत म्हणायचो.

माझ्या शेजारी बसायची हिरा म्हात्रे. खाडीकडची, आईबाप मिठागरावर. तिचा शब्द 'टँजिबल'. तिनं ओच्यातून मीठ आणलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवत गेली. म्हणाली, "हाताला लागतंय, जिभेला लागतंय. हाय म्हंजे हाय. हा टँजिबल." बाईंनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. बाई सहसा टाळ्या वाजवत नसत.

आषाढी अमावास्येच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. हिरा बकरी सोडवायला गेली होती. बकरी परत आली. हिराला लोकांनी होड्या घालून शोधलं, कांदळवनात शोधलं. ती हाताला लागली नाही.

सगळ्यांना हाताला लागेल ते काय, हे जिनं शिकवलं, तीच हाताला लागली नाही.

काही दिवसांनी शाळेत तिचं नाव कमी करायची गोष्ट निघाली. तिची आई आली. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "पोर गावली नाय माजी. मंग तिचा नाव कसा काढताव?" बाई उठल्या, तिचा हात धरून म्हणाल्या, "मी हाक मारत राहीन. ती गावेपर्यंत."

आणि बाईंनी हाक मारली. दुसऱ्याच दिवशी, भर सकाळी. "हिरा म्हात्रे." बाई थांबल्या. बाकावर मी एकटी होते. माझ्या शेजारची फळी हलकेच वर आली, कुणी उठलं की येते तशी. आणि खाडीकडच्या हेलात, अगदी माझ्या कानाशी, "टँजिबल."

कुणी मागं वळून पाहिलं नाही. बाईंनी मानही वर केली नाही. रोजच्यासारखं म्हणाल्या, "बस." फळी खाली गेली. मी घाबरून तोंडावर हात दाबला. हात खारट लागला. घाम असेल. मी स्वतःला आजवर हेच सांगत आलेय.

आमची दहावी झाली. नंतरच्या दरवर्षीच्या वर्गातही बाई शेवटचं नाव झाल्यावर एक नाव जास्त घ्यायच्या. मुलं विचारायची, "ही कोण?" बाई म्हणायच्या, "आपली आहे." 'टँजिबल' हा शब्द त्यांनी पुन्हा कुणाला दिला नाही. इथे बसलेल्या मुलांनो, तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय, ते मी विचारत नाही. तुमचे चेहरे मला दिसताहेत.

गेल्या आठवड्यात दुपारी रोह्याला, भावाच्या घरी आजारी असलेल्या बाईंना भेटायला गेले. डोळे मिटलेले. हळू आवाजात हजेरी चालली होती, आमच्याच वर्गाची. माझं नाव आलं. मी उभी राहिले, म्हटलं, "मॅलिएबल." म्हणाल्या, "बस." मग हिराचं नाव. मी उभीच राहिले. मला काही ऐकू आलं नाही. बाईंना आलं असावं. खाटेच्या पायथ्याकडे तोंड करून त्या मायेनं म्हणाल्या, "बस गो. किती वर्षं उभी राहशील?"

बाई गेल्या. उद्यापासून दहावीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. मला समजुतीनं सांगण्यात आलं, आता ते नाव राहू दे, मुलं घाबरतात. खरं सांगू? मुलांपेक्षा मीच जास्त घाबरते. हाक मारायची भीती वाटते. आणि हाक मारली न् उत्तर आलं नाही, तर काय, याची त्याहून जास्त वाटते.

पण आज सकाळी फाटकात हिराची आई भेटली. त्या दाराशी बसल्यात. मावशी, तुम्ही मला एवढंच विचारलंत, "उद्यापास्नं माज्या पोरीला हाक कोन मारील गो?" तेव्हा मी तुम्हाला नुसतं आत आणून बसवलं. आता सगळ्यांसमोर सांगते. मी मारीन. मावशी, मी मारीन.

शेवटचं एक. आम्ही बाईंना विचारायचो, "बाई, तुमचा शब्द कोणता?" त्या म्हणायच्या, "तुमची हजेरी मी घेते. माझी जो घेईल, त्याला सांगेन."

आज मी घेते.

सगळ्यांनी उभं राहावं. पंखा बंद करा कुणीतरी. मी दोनच नावं घेईन, आणि मग आपण शांत उभं राहू. कुणीही उत्तर द्यायचं नाही. आणि उत्तर आलंच, तर मागं वळून पाहू नका. 'बस' म्हणायला मी आहे.

हिरा म्हात्रे.

गुप्ते बाई.