ह्याला सायलेन्सर म्हणतात!

...नाही, पण मला एक सांगा, सख्खा भाऊ असता तर कानफटात दिली असती की नाही? दीर आहे म्हणून हात आवरला! आणि हसू नका हं तुम्ही, हसण्यासारखं काही नाहीये ह्यात. गाडी कोणाची? माझी! विचारलं कुणी? नाही!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच पेटलीय. मी मीरा. राहायला जोगेश्वरी पूर्व. घरात नवरा विशाल, सासूबाई, आणि धाकटा दीर प्रीतम, जो ऑफिसातून आला की मोबाइलवर बाइकचे व्हिडिओ बघत बसतो आणि स्वतःच्या नावावर सायकलसुद्धा नाही! आणि माझा धंदा काय माहितीये? आवाजाचा. सिरियलच्या शूटिंगला साउंड रेकॉर्ड करतात ना, त्या डिपार्टमेंटला मी. लांब काठीच्या टोकाला माइक असतो, बूम म्हणतात त्याला, ती काठी नटांच्या डोक्यावर धरून उभी असते ती बाई म्हणजे मी. खांदा निखळला तरी काठी हलवायची नाही आणि नटांशिवाय जगातला दुसरा आवाज आत येऊ द्यायचा नाही. आमचं शूटिंग मढला, खाडीपलीकडच्या बंगल्यावर. कोंबडा आरवला, जा मीरा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, जा मीरा, त्या मावशींना हात जोड. मासळीवाली ओरडत आली, जा मीरा. अहो, मढचे कुत्रे मला ओळखतात, मी दिसले की भुंकायचे थांबतात बिचारे! आणि अशा बाईच्या गाडीला... अशा बाईच्या गाडीला तू हे लावतोस?

गाडी चांगली साडेतीनशे सीसीची, माझ्या कमाईची, माझ्या नावावर. कशी शांत होती सांगू? बिल्डिंगच्या गेटमधून निघाले तर वॉचमनला कळायचं नाही. प्रीतमला तेच खुपायचं. "वहिनी, एवढी मोठी गाडी आणि आवाज शिलाई मशीनचा? इज्जत काय राहते यार?" अरे, माझी इज्जत तुला कशाला पाहिजे? पण नाही! रविवारी सकाळी चावी घेऊन गेला, "वहिनी, सर्व्हिसिंग करून आणतो, तू आराम कर." मला वाटलं, सुधारला! संध्याकाळी गाडी चकाचक धुऊन खाली लावली, वर ताडपत्री घातली. मी ताडपत्री काढून बघितली का? नाही. कोण बघतं हो?

सोमवारी माझा वाढदिवस. पण वाढदिवसाचं सोडा, त्या दिवशी पहिल्यांदा मी मिक्सरवर बसणार होते. म्हणजे काठी दुसऱ्याच्या हातात, आणि सगळे आवाज कमीजास्त करायचं ते मशीन माझ्यासमोर. आमचे चंद्रप्रकाश सर, ज्यांच्या हाताखाली मी हे सगळं शिकले, ते शनिवारी म्हणाले होते, "मीरा, मंडे को तू बैठेगी. बड़ा सीन है, डरना मत." इतकी वर्षं वाट बघितली होती मी ह्या वाक्याची! तर पहाटे तयार होऊन खाली आले, माइकच्या बॅगा बांधल्या, स्टार्टर दाबला, आणि...

आई गं! बिल्डिंगवरची कबुतरं एकदम उडाली, तीन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले, आणि वरून सासूबाईंचा आवाज, त्या मालवणकडच्या, घाबरल्या की मालवणीच येतं तोंडात, "अगो बाय माझे! स्लॅब कोसळलो काय गो?" आणि प्रीतम? गॅलरीत उभा, हातात मोबाइल, माझा व्हिडिओ काढतोय! "हॅपी बड्डे वहिनी! सरप्राइज! परफॉर्मन्स सायलेन्सर! झकास ना?" झकास? अरे, ह्याला सायलेन्सर म्हणतात? सायलेन्स म्हणजे काय ते तरी माहितीये का तुला? विशाल मागे उभा राहून दात घासतोय, म्हणतो कसा, "अगं, त्याने प्रेमाने लावलंय, सवय होईल." सवय! गाडी कोणाची? माझी! विचारलं कुणी? नाही!

भांडायला वेळ होता का? नव्हता. वर्सोव्याची बोट चुकली तर मालाडवरून वळसा, मग संपलंच. निघाले तशीच. रस्त्यात चालायला निघालेले आजी-आजोबा छातीवर हात ठेवून बाजूला होतायत, एक बाई तर चक्क "मेलास तू" म्हणाली, मी हेल्मेटच्या आतून "मेले मी" म्हणतेय. जेट्टीवर गाडी बंद करून बोटीत ढकलली, पलीकडे उतरवली. आणि मग म्हटलं, मीरा, डोकं वापर. बंगल्यापर्यंत आवाज करत जायचंच नाही. गल्लीच्या तोंडाशी उतार आहे, तिथेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, इंजिन बंद करायचं आणि घरंगळत गेटपर्यंत. बरोबर की नाही? मला काय माहीत की हे असलं धूड लावलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर ते गप्प बसत नाही, उलट फटाके फोडतं!

आता आत काय चाललं होतं ते ऐका. कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, बदलला होता, सीन लवकर सुरू केला होता, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. सिरियलमधले आजोबा मरतात, तो सीन. करणारे काका एवढे ज्येष्ठ, एवढे ज्येष्ठ, की एकच टेक देतात, दुसरा मागायची डायरेक्टरची हिंमत नाही. सगळं कुटुंब पलंगाभोवती. आजोबांचा श्वास मंद... हात सुनेच्या डोक्यावर... लाइटवाल्यांच्या डोळ्यांत पाणी... "पोरी, आता... मी... निघा..." आणि मी गल्लीच्या तोंडाशी अ‍ॅक्सिलरेटर सोडला.

फाट! फाट! फटाट्!

मेलेले आजोबा उठून बसले! ताडकन! आणि ज्या काही शिव्या दिल्यात, अहो, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी साधं "च्यायला" ऐकलं नव्हतं! चंद्रप्रकाश सरांचा आवाज बाहेरपर्यंत आला, "अरे कौन है? मीरा को भेजो, उसको बोलो चुप करा दे!" सवय हो त्यांना! आवाज आला की मीराला पाठवायचं! आणि मीरा गेटातून गाडी ढकलत आत...

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. हेडफोन कानावरून काढून मानेत अडकवला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "तू भी?" मी म्हटलं, "सर, माझा दीर..." "आज घर जा, बेटा." बास. माझी खुर्ची मांडलेली होती हो मिक्सरसमोर. पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली होती कुणीतरी बाजूला. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसताना बघून मी निघाले.

रडत नव्हते! हेल्मेटमध्ये घाम येतो, डोळ्यांत जातो. आणि बोटीवर कोण ओळखीचं भेटलं तर काय तोंड दाखवू, म्हणून मालाडवरून वळसा घेतला. तिथे नाक्यावर हवालदार! "मॅडम, साइडला घ्या. मिस्टरांची गाडी का?" "नाही." "मग मुलाची?" "अहो, माझी!" "तुमची? आणि असला सायलेन्सर तुम्ही बसवला?" आता काय सांगू? बसवला नाही म्हटलं तर गाडी माझी नाही, गाडी माझी म्हटलं तर सायलेन्सर माझा! गप चलान घेतलं. तो वर म्हणतो, "वय बघा जरा, ताई." वय! माझ्या वाढदिवसाला!

घरी गेले, प्रीतमची मानगूट धरायची म्हणून संध्याकाळपर्यंत धुमसत बसले. आला तसा मागे बसवला आणि थेट गॅरेजला. गॅरेजवाला हर्षद, केसांना जेल, हाताला ग्रीस. म्हटलं, "काढ हे. माझा जुना लाव." तो म्हणतो, "मॅडम, आधी ऐका तर. बेस ऐका ना बेस! हा आवाज नाहीये, म्युझिक आहे." मला! मला बेस सांगतो! मी म्हटलं, "ऐक, ह्याच्यात बेस नाही, पत्र्याची थरथर आहे, आतलं वेल्डिंग सुटलंय, आणि वर एक किरकिर आहे ती तुझ्या कानाला ऐकूच येत नाही कारण तुझे कान गेलेत!" पण जुना सायलेन्सर? "तो तर मॅडम, त्याच दिवशी एक गिऱ्हाईक घेऊन गेलं. प्रीतमभाई बोलले, नको आहे." नको आहे! गाडी कोणाची? माझी! विचारलं कुणी? नाही!

तिथेच रस्त्यावर प्रीतमला झाडायला घेतला. चार माणसं जमली, जमू देत. "माझं काम गेलं असतं आज, कळतंय का तुला? कशासाठी? तुझ्या व्हिडिओसाठी?" तर तो खाली मान घालून म्हणतो, "वहिनी, गेल्या पावसाळ्यात तुला हायवेवर टेम्पोने उडवलं ना... तो ड्रायव्हर हॉस्पिटलमध्ये पोलिसांना काय म्हणाला माहितीये? म्हणाला, साहेब, बाजूला गाडी आहे हे समजलंच नाही, आवाजच आला नाही. तू आत होतीस, मी बाहेर बसलो होतो रात्रभर. विशालदादा रडत होता. तेव्हाच ठरवलं, हिच्या गाडीला असा आवाज पाहिजे की टेम्पोवाल्याच्या बापाला ऐकू आला पाहिजे."

आता सांगा! आता ह्याच्यावर ओरडायचं कसं? एवढा राग घेऊन गेले होते मी, घरून भरून नेला होता, आणि ह्याने तो ठेवायला जागाच ठेवली नाही! त्याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, "अरे गाढवा, मग मला सांगायचं, मी हॉर्न बदलला असता!" तर डोळे पुसत म्हणतो, "हॉर्न सुचलाच नाही." सुचलाच नाही! हर्षदने सायलेन्सरच्या तोंडात एक जाळी बसवून दिली, आवाज थोडा उतरला. म्हणजे दिवाळीचा तुळशीच्या लग्नावर आला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घरी ठेवून, रिक्षा-बोट करत बंगल्यावर. सरांसमोर उभी राहिले, टेम्पोचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली, म्हणाले, "देवर बेवकूफ है. लेकिन बुरा नहीं है." आणि हेडफोन माझ्या हातात दिला, "सुन." कालचा टेक. आजोबा, "मी निघा...", आणि फाट फाट फटाट्! काय स्वच्छ आला होता हो! तेवढ्यात मागून दुसरा हेडफोन लावून ऐकणारे डायरेक्टर, "हा आवाज पाहिजे मला! नवीन व्हिलन येतोय ना, त्याची एंट्री ह्याच्यावर! गाडी कोणाची आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं! आणि मी मूर्ख, छाती काढून म्हटलं, "माझी!"

झालं. मिक्सरवर बसले मी, बसवलं सरांनी. पण माझं पहिलं स्वतंत्र रेकॉर्डिंग कशाचं? त्याच आवाजाचं! जाळी काढून! गाडी रेज करायला कोण? प्रीतम! त्याला जेवणाचा डबापण मिळाला प्रॉडक्शनचा. आणि आता तो व्हिलन रोज माझ्या गाडीवर बसून येतो, रोज! कंपनीचा शांत सायलेन्सर मागवला होता मी, आलासुद्धा, पलंगाखाली खोक्यात पडलाय. लावू देतायत का? डायरेक्टर म्हणतात, "मीराताई, कंटिन्युइटी! व्हिलनची गाडी अचानक गप्प कशी होईल? तो मेला की लावा." म्हणून परवा लेखिकेला गाठलं, गार्गी मॅडमना. म्हटलं, "मॅडम, हात जोडते, त्याला मारा ना लवकर. दरीत ढकला, विष द्या, काहीपण करा."

मॅडमनी चहाचा घोट घेतला, म्हणाल्या, "मारते की, पुढच्याच महिन्यात मारते. पण मीराताई, सायलेन्सर बदलू नका हं. सिरियल आहे. परत येईलच ना तो."