आरसा निवेपर्यंत

—नाही नाही, दादा, त्या खुर्चीवर नको, तिथे तुमचा श्वास थेट आरशावर येतो. इकडे खिडकीपाशी बसा. स्वेटर काढू नका, उलट बटणं लावा — ऊब आतच राहिली पाहिजे. हसताय? तुमची बहीणही आधी हसायची. अहो, दुर्बिणीचा आरसा आहे हा, हाताने घासलाय मी — नुसतं बोट टेकवलं तरी तेवढी काच फुगते. केसाहून कमी, पण फुगते. मग निवेपर्यंत बसा हातावर हात ठेवून. आणि मी तपासायला बसलो की ही मागे चहा घेऊन उभी — आरशात सगळं उकळायलाच लागायचं. भांडण? छे, भांडण कसलं. मी एवढंच म्हणालो की तुझ्या अंगाच्या उबेनं हवा हलते, आरसा होईपर्यंत दादाकडे राहा, मैदानापलीकडे तर घर आहे. तिने कपडे भरले, जाताना कुकरही उचलला — म्हणाली, हाही गरमच होतो.

झाला का? झाला की. कधीच झाला. म्हणजे — असं बघू नका, आरसा झाला म्हणून दुर्बीण होते असं नाही, नळी लागते, स्टँड लागतो — बरं, तेही झालं. चंद्र? चंद्र नाही अजून बघितला. सवड कुठे मिळते.

ती डोळा लावायच्या जागची जादा नळी राहू द्या तशीच. लांब आहे, हो. ताऱ्यांना एवढी लागत नाही, बरोबर ओळखलंत — जवळचं बघायचं असलं तर लागते. जवळचं म्हणजे मैदानापलीकडचं. म्हणजे — तुमची गॅलरी. मुद्दाम जोडली, खोटं कशाला बोलू. सकाळी ही कपडे वाळत घालते ना, तेव्हा. आता यातून सगळं उलटं दिसतं, आकाशात वर काय नि खाली काय, म्हणून आम्ही लोक सुलट करायच्या भानगडीत पडत नाही. पण माणसाचं तसं नाही हो. परवा ती कठड्याला टेकून तुमच्याशी बोलत होती, तोंड जरा वाकडं झालं होतं — मी मान वळवून पाहिलं, खुर्चीवरून खाली डोकं लोंबवून पाहिलं, खुर्चीसकट पडलो — हसत होती की रडत होती, कळेचना. तेच विचारायचं होतं तुम्हाला.

रडत होती म्हणता.

बरं. नाही, ऐकतोय. आज न्यायला आलो नाही तर ती थोरल्या बहिणीकडे जाणार, कायमची. थोरलीचं घर कुठल्या बाजूला हो? टेकडीमागे? मग तर संपलंच, टेकडीपुढे कुठलाच आरसा चालत नाही.

निघतोच मी. कुठेशी गेल्या चपला — हिच्याशिवाय घर खायला उठतं, दादा, खरं सांगतो, आरशाला बरं वाटतं या गारठ्यात, मला नाही. पण मी समोर उभा राहिलो आणि ती नाही म्हणाली तर? तेव्हा मी बघू कुठे? नको. तुम्ही पुढे व्हा. तिला सांगा, तो न्यायला येतोय — मग तिचं तोंड कसं होतं ते बघतो आणि तसाच धावत येतो. नाहीतर नाही येत. जा, उजेड आहे तोवर जा. फक्त आत नका सांगू, गॅलरीत आणून सांगा. आतलं मला दिसत नाही.