चाळिसावं नाव

औषधांच्या रांगेत उभा होतो. बायको गेल्यापासून फक्त माझीच औषधं घ्यायची असतात. पुढे आमच्या गावच्या बेसबॉल संघाची टोपी घातलेला वॉल्ट आणि फोन मुठीत धरलेली डोरीन बोलत होती.

“ऐकलंस ना? ब्रॅनिगनसारखा खेळाडू आपल्या संघात आला! चार वर्षं नुसता मार खाल्ला, आता बघ!”

“ऐकलं.”

“मग हस की जरा!”

“संघाच्या यादीत चाळीसच नावं असतात, वॉल्ट. चाळीस भरली होती.”

“काढतील एखाद्या टुकाराला.”

“ब्रॅनिगन तिसऱ्या बेसवर खेळतो. माझा मुलगा नीलही तिथेच.”

“नीलला कशाला काढतील? गुणी पोरगा आहे.”

“गेल्या उन्हाळ्यात ‘काढा त्याला’ म्हणून तूच बोंबलत होतास. मी दोन रांगा मागे होते.”

“अगं, सामन्यात ओरडतो माणूस. संघाकडून काही कळलं का?”

“काढलं तरच फोन करीन, असं म्हणालाय नील. नाहीतर नाही करणार.”

“मग झालं तर! अजून आला नाही ना? डोरीन... वाजतोय तुझा.”

“कळतंय मला.”

“घे गं.”

“नील? थांब, काही बोलू नकोस. आधी सांग, जेवलास का?”