यालानच्या लग्नाचा रांजण

...आणि वर मलाच बोलणं! तुम्हाला सांगतो, आमच्या शाओशिंगात मुलगी जन्मली की बाप तांदळाच्या पिवळ्या दारूचा रांजण अंगणात पुरतो, तो थेट तिच्या लग्नात काढायचा. मीही पुरला. पण मुलीनं वेळेवर लग्न करायला नको? वीस झाली, पंचवीस झाली, आमची यालान आपली शांघायला नोकरीत, आणि इकडे बायको डुकराचं मांस रांधणार... सोया सॉसमध्ये, खडीसाखर घालून, मंद आचेवर तीन तास, चरबी अशी की जेवणाच्या काड्यांनी उचलली तर थरथरते. असल्या मांसाबरोबर काय पाणी प्यायचं? पिवळी दारूच लागते, दुसरं काही जिभेला पटतच नाही. मग मी अंगण उकरून रांजणाचं मातीचं झाकण फोडायचो, एक वाटी काढायचो, परत लिंपायचो, बायकोला सांगायचं दुकानातली आहे. एकच वाटी हो... बरं, दर मांसाला एक. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

चौतिसाव्या वर्षी पोरीनं लग्न ठरवलं तेव्हा रांजण कोरडा ठणठणीत. आणि व्याही कोण, तर शेन म्हातारा, चाळीस वर्षं दारूच्या भट्टीवर चव बघणारा! नुसत्या वासावर दारूचं वय सांगतो. आदल्या दिवशी बायको बाजारात गेली तशी मी पातेली-पातेली कडक चहा उकळला, गूळ टाकला, ओतला रांजणात, लिंपलं झाकण. रंग हुबेहूब.

पंगतीत मांस आलं आणि वाद पेटला. नवऱ्या मुलाचे मित्र म्हणे यावर लाल वाईन, उत्तरेकडचा मामा म्हणे ज्वारीची जळजळीत, भाचा म्हणे बिअर. मी तर जोरजोरात बिअरचीच बाजू घेतली. तेवढ्यात यालान उठली, लाल कपड्यांत, डोळे भरलेले, म्हणाली, "बाबांनी माझ्या जन्मापासून जपलीय. आज तीच." रांजण आणला, झाकण फोडलं. मी काय करणार होतो, तुम्हीच सांगा.

पहिली वाटी व्याह्यांची. शेननं वास घेतला, घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं... असं पाहिलं की मला माझी चोरून प्यालेली चौदा वर्षं दिसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इतकी जुनी दारू पोराटोरांनी वाया घालवायची नाही. ही दोन बापांची."

पोरीचा चेहरा फुलला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच यानं माझी वाटी काठोकाठ भरली आणि कानाशी लागला, "व्याही, थेंब उरता कामा नये."

स्वतः मात्र वय झालं म्हणत एका वाटीवर थांबला. मी? सतरा वाट्या! गार, गोड, त्या चरबीवर... आणि दर वाटीला शेन विचारणार, चढली का? चढली नाही असं सांगणार कसं? बाराव्या वाटीला मी गाणं म्हटलं, सतराव्या वाटीला मला दोघांनी उचलून घरी नेलं, डोळे टक्क उघडे.

चौदा वर्षं पोरीची दारू प्यालो, कुणी चकार शब्द काढला नाही. लग्नात चहा प्यालो, तर बायको म्हणते, "भरल्या मांडवात शोभा केलीत. यापुढे मांसाबरोबर चहाच प्यायचा."

खरं सांगावं तर पोर रडेल. म्हणून पितोय... चहा.