बाईच्या बाजूचं दार

(चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यातली दुपार. जेजू बेटावर, डोंगराच्या कुशीतल्या शेतात, काळ्या दगडांच्या कुंपणामधलं एक खणलेलं थडगं.)

ओक्शिम : मग पुढे वाच ना, हाडांच्या तपासणीचा कागद. थांबलास कशाला?

तेह्योन : ताई, यात काहीतरी घोळ आहे. इस्पितळात नमुन्यांची अदलाबदल होते कधीकधी.

ओक्शिम : तू हेडमास्तर होतास. मी जन्मभर समुद्राच्या तळाशी शंख उचकटले. मला वाचता येत नाही म्हणून तुला इथवर आणलं. लिहिलंय तेवढं वाच.

तेह्योन : हाडं बाईची आहेत. तरुण बाईची. आणि ती अर्जदाराची जन्मदाती आई आहे.

ओक्शिम : अर्जदार म्हणजे मी.

तेह्योन : तूच.

ओक्शिम : माझ्या बापाच्या थडग्यात.

तेह्योन : म्हणून तर म्हणतो, घोळ आहे. वंशावळीच्या पुस्तकात मोठ्या काकांच्या नावापुढे स्पष्ट नोंद आहे : देह सापडला नाही, कोट पुरला. इथे कोटाशिवाय काही निघायलाच नको होतं.

ओक्शिम : बापाचं नाव कागदावर लागावं म्हणून मी खणायला लावलं, तेव्हा हसला होतास. कोट खणून बाप सिद्ध होतो का, म्हणालास. मी काय म्हटलं होतं?

तेह्योन : रिकाम्या थडग्याला पायवाट पडत नाही.

ओक्शिम : दरवर्षी गवत कापायला येतो आपण. सगळीकडे कंबरेएवढं गवत, आणि कुंपणातल्या त्या फटीपाशी तुडवलेलं.

तेह्योन : घोडे येतात चरायला.

ओक्शिम : घोडे कुंपणाच्या बाहेर उभे राहतात नि कान मागे टाकतात. तूही पाहिलंस.

तेह्योन : बरं, मानलं हाडं मोठ्या काकूंची. पण त्या तर बोटीनं ओसाकाला गेल्या होत्या.

ओक्शिम : पळाल्या होत्या. गेल्या कशाला म्हणतोस? दूधपितं पोर टाकून पुरुषामागे पळाली, असं सगळा गाव म्हणायचा. मी समुद्रात उतरायच्या आधी त्या दिशेला थुंकत असे रे. रोज. म्हातारी होईपर्यंत.

तेह्योन : ताई, बस त्या दगडावर. पाणी पी.

ओक्शिम : पाणी नको. तुझ्या बापानं, आबांनीच हे कुंपण रचलं ना?

तेह्योन : त्यांनीच. तो विषय आज नको.

ओक्शिम : आजच पाहिजे. आत्म्याला यायला-जायला कुंपणात फट ठेवतात. पुरुषाची कुठे?

तेह्योन : डावीकडे.

ओक्शिम : बाईची?

तेह्योन : उजवीकडे. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

ओक्शिम : आणि ही कुठे आहे?

तेह्योन : उजवीकडे. आबा प्यायलेले होते म्हणून चुकले, असंच ऐकत आलो मी. लोक त्यांना चिडवायचे, भावाला लुगड्याच्या दारातून पाठवलास म्हणून. शाळेत मलाही चिडवायचे. एकदा मी चिडून दगड वाहून आणले आणि फट बुजवायला लागलो. आबा धावत आले. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला. मग एकेक दगड परत काढला. रडत होते. दारूचा वास नव्हता तोंडाला.

ओक्शिम : तेव्हा विचारलं नाहीस?

तेह्योन : तेव्हा कोण काय विचारत होतं, ताई?

ओक्शिम : नव्हतं विचारत. मी दूधपिती होते त्या हिवाळ्यात शिपाई डोंगरातल्या बंडखोरांना शोधत, यादी घेऊन यायचे. घरातलं माणूस हजर नसेल तर त्याच्या जागी दुसरं न्यायचे. माझा बाप डोंगरात होता. आता तूच जुळव, मास्तर.

तेह्योन : त्यांच्या जागी मोठ्या काकूंना नेलं.

ओक्शिम : आणि मारणारे पुढच्या गावी गेले. मागून दुसरे आले, यादी तीच. मग आणखी एक माणूस द्यायचं का? तुझ्या आबांनी आईचं हे थडगं बापाचं म्हणून दाखवलं, हा बघा, मेला तो. त्याची बायको कुठे? पळाली ओसाकाला. आणि मला आपल्या नावावर लिहून घेतलं, म्हणून मी जगले. कागदावर तुझी सख्खी बहीण.

तेह्योन : हे अंदाज आहेत. कचेरीत अंदाज चालत नाहीत. आणि मी साक्षीदार म्हणून सही केली, तर आबा खोटारडे ठरतात.

ओक्शिम : कागदावर खोटं लिहिलं, दगडात खरं ठेवलं. त्यांच्यावर रागवत नाही मी. मला एवढंच हवंय, मरायच्या आधी एकदा माझ्या आईखाली माझं नाव लागावं.

तेह्योन : नाव कुणाखाली लावणार? अर्जात आईचं पूर्ण नाव लागतं. पुस्तकात फक्त 'कांग घराण्यातली बायको' आहे, माहेरचं आडनाव तेवढं.

ओक्शिम : इथल्या घोडीच्या पुठ्ठ्यावर डाग असतो, कुणाची कोण ते कळायला. मारणाऱ्यांची नावं पेन्शनच्या कागदांवर ठसठशीत असतील. आणि तुझ्या त्या रेशमी कव्हरातल्या पुस्तकाला माझ्या आईसाठी दोन अक्षरं जड झाली. थू तुझ्या पुस्तकावर.

तेह्योन : मी नाही लिहिलं ते.

ओक्शिम : सांभाळतोस तर ना. ऐक, नाव मला माहीत आहे.

तेह्योन : कुणी सांगितलं?

ओक्शिम : तू लहान होतास. आबांनी देवऋषीण बोलावली होती, माझ्या बापाचा आत्मा उतरवायला. तिच्या तोंडून बाई बोलायला लागली. लोक भडकले, चुकीचं भूत आणलंस म्हणून. ती म्हणाली, मी दोक्शिल. पोरीला दूध कोण पाजतं? मग तुझ्या आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. आणि मग सगळ्यांनी मिळून तिला मीठ मारून घालवलं. मीही मूठभर मारलं.

तेह्योन : ताई, देवऋषीणीच्या तोंडचं नाव मी सरकारी अर्जावर घालू?

ओक्शिम : तोंड दाबायच्या आधी ती अजून एक बोलली. थंडी वाजते, म्हणाली. त्याचा कोट नुसता वरून टाकलाय, गुंड्या तरी लावा.

तेह्योन : गुंड्या?

ओक्शिम : काय झालं?

तेह्योन : खणताना खड्ड्यात मी उतरलो होतो. पितळी गुंड्या मीच वेचल्या. सगळ्या एकाच बाजूला होत्या, एका ओळीत. बरगड्यांच्या बाहेर. कोट कुणी घातलेला नव्हता, पांघरलेला होता. तुला हे मी सांगितलं नव्हतं.

ओक्शिम : नाही सांगितलंस.

तेह्योन : कुणालाच नाही.

ओक्शिम : मग?

तेह्योन : अर्ज दे इकडे. दोक्शिल. कांग दोक्शिल. सही कुठे करायची असते... हं. थडग्याच्या दगडावरही कोरून घेऊ. आणि पुस्तकात मी माझ्या हातानं लिहीन, घराण्यातल्या म्हाताऱ्यांना काय ओरडायचं ते ओरडू दे.

ओक्शिम : कागद फडफडतोय.

तेह्योन : वारा आहे.

ओक्शिम : गवताचं पान हलत नाही, तेह्योन.

तेह्योन : माहीत आहे. ताई, जरा इकडे सरक.

ओक्शिम : का?

तेह्योन : काकूंच्या दारात उभी आहेस.