नऊ कापलेली, एक चावलेलं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एवढंच सांगा — जो सगळ्यांचे हात तपासतो, त्याचे हात कोण तपासतो? बोला की! गप्प का झालात? समोर सरपंच बसलेत म्हणून? बरं, राहू द्या. गोष्ट ऐका, उत्तर तिच्यातच आहे.

गोष्ट आहे कराटेच्या वर्गातली. — बघा, बघा! मागची पोरं लगेच ताठ बसली! इतका वेळ नामाचा महिमा चालला होता, तेव्हा खांबाला टेकून पेंगत होती लेकाची!

तालुक्याच्या गावी थोरवे सरांचा वर्ग होता. सकाळी साडेपाचला, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. आणि शिस्त काय सांगू! चपला दाराबाहेर एका ओळीत. आत पाऊल टाकण्याआधी वाकून नमस्कार. लढायच्या आधी समोरच्याला नमस्कार, लढून झाल्यावर पुन्हा नमस्कार! — आपल्याकडे भावाभावांत बांधावरून जुंपते, तेव्हा कोण करतं हो नमस्कार? थेट गचांडी! — अंगावर दागिना नाही, हातात बांगडी नाही. आणि नखं? केसभरसुद्धा वाढलेली चालायची नाहीत! का? तर हा हात दुसऱ्याच्या तोंडाजवळून जायचा असतो.

म्हणून रोज तपासणी. सगळे ओळीत, हात पुढे. वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याने एकेकाची नखं बघत शेवटच्या नव्या माणसापर्यंत जायचं. आणि मग — इथं कान द्या मंडळी — मग स्वतःचे हात त्या नव्या माणसापुढे धरायचे! नव्याने ते बघायचे, "ठीक" म्हणायचं. त्याशिवाय वर्ग सुरू नाही!

आता त्या वर्गात सगळ्यात जुनी कोण? तेजल. वय एकोणीस, कमरेला तपकिरी पट्टा, येत्या रविवारी काळ्या पट्ट्याची परीक्षा. सहा वर्षं घाम गाळला होता पोरीने, खोटं कशाला बोलू? पोरगी गुणाची होती.

आणि सगळ्यात नवी कोण? शकूमावशी! वय सेहेचाळीस. बाजारपेठेत ब्लाउज शिवायचं दुकान. पांढरा पट्टा बांधून उभी राहिली की पोरं गालात हसायची. मावशीला एकाने विचारलं, "या वयात हे कशाला?" ती म्हणाली, "वाटेत एकाने हात धरला होता. पुन्हा धरला तर सोडवता आला पाहिजे." संपलं! पुढे कोणी विचारलं नाही.

वर्गाच्या रीतीप्रमाणे मावशी तेजलला "ताई" म्हणायची. आणि तेजलने रोज तिच्यापुढे हात धरायचे. पहिले चार दिवस धरले. मग तिला ते खुपायला लागलं. काल आलेली बाई, धड उभं राहता येत नाही, आणि ती माझी नखं बघणार? मग काय? मावशीपाशी आली की नुसती मान हलवायची, स्वतःच "ठीक" म्हणायची आणि परत फिरायची! त्या वेळी सर डोळे मिटून ध्यानाला बसलेले असत. बघणार कोण?

अशात तेजलच्या बहिणीचं लग्न ठरलं. नखं वाढवली, रंगवली. लग्न झालं, नऊ कापली. एक ठेवलं. उजव्या करंगळीचं! फार सुंदर दिसत होतं म्हणे. तपासणारी मीच, मग कोणाच्या बापाची भीती?

मंगळवारची सकाळ. तेजल मावशीपर्यंत आली आणि वळली. मागून मावशी हळूच म्हणाली, "ताई, हात राहिले."

"मागाहून बघा, मावशी."

मागाहून! मंडळी, हा शब्द लक्षात ठेवा.

अर्ध्या तासाने तेजल मावशीला उघड्या पंजाने वार अडवायला शिकवत होती. मावशी घाबरून एक पाऊल जास्तच पुढे आली. तेजलचा पंजा वर गेला — आणि मावशी किंचाळून खाली बसली! उजवा डोळा दोन्ही हातांनी दाबलेला. बोटांतून रक्त.

रिक्षा आली. मावशीचं डोकं तेजलच्या मांडीवर. सर पुढे, ड्रायव्हरशेजारी. मावशी कण्हत होती, आणि तेजलने काय केलं असेल? करंगळी तोंडात घातली. ते नख मुळापर्यंत, मांसापर्यंत चावून काढलं! आणि रिक्षाबाहेर थुंकलं!

काय वाटलं असेल तिला? भीती, दुसरं काय! रविवारची परीक्षा दिसत होती. सहा वर्षं दिसत होती. मांडीवरची बाई तेवढी दिसत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "काहीतरी धारदार लागलंय." सर म्हणाले, "आमच्याकडे नखं रोज तपासतात." सरांनी वर्गात सगळ्यांचे हात बघितले. वाढलेलं नख एकाचंही नाही! मग एकजण बोलला, "मावशीने बांगड्या घातल्या असतील. काच लागली असेल." झालं! दुपारपर्यंत गावभर तेच — म्हातारपणी नको ते चाळे, शिस्त पाळली नाही, भोगतेय! आणि तेजल? तिने फक्त तोंड उघडलं नाही. खोटं एक अक्षर बोलली नाही हो! नुसती गप्प बसली.

डोळा गेला मंडळी. कायमचा गेला. दुसऱ्याला आधीच जाड भिंग होतं. सुईत दोरा ओवता येईना. दुकानाचं शटर खाली आलं.

शनिवारी सकाळी तपासणी चालू होती. परीक्षेला एक दिवस उरलेला. दारात चप्पल वाजली. शकूमावशी! डोळ्यावर पट्टी, शेजारणीचा हात धरलेला. उंबऱ्याशी थांबली, वाकून नमस्कार केला आणि ओळीच्या टोकाला, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. अजूनही सगळ्यात नवी तीच होती.

म्हणाली, "ताई, मंगळवारचे हात राहिलेत."

तेजलने हात पाठीमागे नेले. सर म्हणाले, "दाखव की." ती गेली. हात पुढे केले. मावशी वाकून बघू लागली, नीट दिसेना. मग तिने हातात हात घेतले आणि एकेक नख अंगठ्याने चाचपायला लागली. डावा हात झाला. उजवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका... करंगळीवर अंगठा टेकला, आणि तेजल कळवळली! चार दिवसांत नखुर्डं झालं होतं. बोट टरटरून सुजलेलं.



मावशी म्हणाली, "नऊ कापलेली. एक चावलेलं."

शिवी नाही. शाप नाही. हातसुद्धा सोडला नाही. एवढंच विचारलं, "माझ्या हातात बांगड्या होत्या का गं?"

पुढे काय होणार ते तेजलला ठाऊक होतं. पट्टा जाणार, सहा वर्षं जाणार, गावात तोंड दाखवायची चोरी होणार. तरी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नव्हत्या मावशी. माझं नख होतं."

मावशीने हात सोडले. "ठीक" म्हणाली नाही. वळली आणि शेजारणीबरोबर निघून गेली. थोरवे सर उठले, स्वतःचा काळा पट्टा सोडला आणि जमिनीवर ठेवला. "डोळे मिटून मी बसलो होतो," म्हणाले. त्या दिवशी वर्ग झाला नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, शेवट गोड करा! मावशीने माफ केलं म्हणा! कुठून करू? गेलेला डोळा मी कुठून आणू?

आता आपलं बोला. सासूबाई, सुनेची भाकरी तपासता — स्वतःची जीभ कोणापुढे धरता? मास्तर, पोरांच्या वह्या तपासता — तुमची वही कोण बघतं? आणि हसू नका, मी पण सुटलो नाही! या गादीवर उभा राहून दहा गावांना शहाणपण शिकवतो. मला घरी कोणी "महाराज, हात राहिले" म्हणालं, तर मीही म्हणतो, मागाहून बघू!

आज घरी जा. घरातलं सगळ्यात धाकटं, सगळ्यात दबलेलं माणूस शोधा. त्याच्यापुढे दोन्ही हात धरा आणि म्हणा, बघ बाबा. त्याने "ठीक" म्हटलं, तरच देवापुढे ते हात जोडा.

तोवर राहू द्या. आज शेवटी हात जोडायला मी सांगत नाही.