दादांचे तुळजापूरचे फोटो

आमचे दादा, म्हणजे वडील, गेले तेव्हा त्यांचा एकसुद्धा व्हिडिओ नव्हता बघा. परवा जुन्या मोबाईलात त्यांचे तुळजापूरचे फोटो सापडले. काढताना माझं बोट बटणावर दाबूनच राहिलेलं, म्हणून एकामागोमाग एक लई निघालेले. आईला दाखवताना मी ते भराभर सरकवले, तर दादा हसले, वळले आणि चालायला लागले!

आई दचकली. "आरं, हे हलले की!"

"न्हाय गं, नुसते फोटू हायेत. जोरात सरकवले की डोळ्याला हलल्यागत वाटतं."

शेवटच्या फोटोत दादांची पाठच दिसत होती. आई त्या पाठीकडं बघत राहिली.

"मग आता उलटे सरकव," ती म्हणाली. "माघारी येऊ दे त्यांना."